बारावा तुकडा

आमच्या शेडमध्ये तिला सगळे सुईबाई म्हणतात. शिवणकामाशी तिचा काडीचा संबंध नाही. कोटाची शिवण उसवली तर ती आतून चिकटपट्टी लावते, हे मी स्वतः पाहिलंय. नाव पडलं ते तिच्या मशीनच्या प्रोबमुळे.

सीएनसी मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं कापणारं यंत्र, एवढं धरून चाला. सुईबाई त्याचं कापायचं पातं काढते आणि त्या जागी प्रोब बसवते: पेन्सिलीएवढी दांडी, पुढे सुईसारखं टोक आणि टोकावर मोहरीपेक्षा जरा मोठा लाल मणी. मणी वस्तूला टेकतो. टेकला ती जागा कॉम्प्युटर लिहून घेतो. मणी उचलतो, एक मिलिमीटर सरकतो, पुन्हा टेकतो. टक, टक, टक. असे साठ-सत्तर हजार ठिपके जमले की पडद्यावर ती वस्तू जशीच्या तशी उभी राहते, आणि मग मशीन तिची जुळी बहीण नव्या लाकडात कोरून देतं. याला स्कॅन म्हणतात.

मी त्याच शेडमध्ये सत्तावीस वर्षं लेथ, म्हणजे वस्तू फिरवून तासायचं यंत्र, चालवतो. हाताला डोळे असतात असं मानणारा माणूस. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, यात कसब ते काय? मशीन टेकतंय, बाई स्टुलावर बसलीय. मग एकदा तिची सुट्टी असताना मालकांनी मला एक वाकडा पितळी दांडा स्कॅनला लावायला सांगितला. मी तो दणकून आवळला. स्कॅन झकास आलं. त्याच्यावरून बनवलेला दांडा मात्र कुठेच बसेना. सुईबाई आली, मूळ दांडा शिकंज्यातून सोडवला, हातात धरला आणि म्हणाली, "लेथवाले, तुम्ही आवळल्यावर हा आणखी वाकला, सोडल्यावर होता तसा झाला. मशीननं आवळलेला मोजला. ते बिचारं खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला खोटं दाखवलंत." तेव्हापासून मी तिच्या टेबलापासून चार हात लांब असतो. म्हणजे असायचो.

ती आधी एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होती. दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंगं पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायची, रेघेवर रेघ. एकोणीस वर्षं तेच केलं. मग कॉम्प्युटर आले आणि एका दुपारी अकरा जणींना भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन घरी पाठवलं. बाकीच्या दहा जणी रडल्या असतील. ही आमच्या मालकांसमोर येऊन उभी राहिली. वय त्रेचाळीस. म्हणाली, "ज्यानं माझी नोकरी खाल्ली त्याला आता मी कामाला लावणार. शिकवा." मालकांनी शिकवलं. वर्षभरात मालक तिला विचारायला लागले.

घरी ती आणि तिची सासू, दोघीच. सासू एकदा डबा द्यायला शेडमध्ये आली होती, तेव्हा तिनं आमच्यासमोर तक्रार केली, "ही ताटं मांडायच्या आधी टेबल हलवून बघते हो! चारी कोपरे. मी ऐंशीची झाले, माझी आमटी आजवर कधी सांडली नाही." सुईबाई शांतपणे म्हणाली, "सांडली नाही, कारण मी कोपरे बघते."

आता मूळ गोष्ट.

एका सोमवारी सकाळी बूटवाले काका आले. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान. ज्यांचे पाय साध्या बुटांत मावत नाहीत, अशा लोकांसाठी ते पायाप्रमाणे बूट बनवतात. हातात फडक्यात गुंडाळलेला फर्मा होता. फर्मा म्हणजे लाकडी पाऊल. त्याच्यावर चामडं ओढून बूट शिवतात. जसा फर्मा, तसा बूट.

हा फर्मा त्यांच्या बायकोच्या डाव्या पायाचा होता. बायको इस्पितळात नर्स, सगळे तिला सिस्टरच म्हणतात. तरुणपणी तिच्या पावलावरून सामानाची गाडी गेली होती. हाडं जुळली, पण वेडीवाकडी. डॉक्टर म्हणाले होते, दिवसभर उभं राहायचं काम विसरा. काकांनी फर्मा कोरला, बूट शिवला, आणि त्या बुटावर ती बत्तीस वर्षं वॉर्डातून फिरली. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

"लाकूड टाचेपासून तडकलंय," काका म्हणाले. "आणखी एक बूट ओढला की दोन तुकडे होणार. आणि पायात आहे त्या बुटाचा तळ गेलाय."

"दुसरा कोरता येत नाही?" मी विचारलं. विचारायला नको होतं. काकांनी नुसते दोन्ही हात पुढे धरले. हात थरथरत होते.

"शिलाई सून करते, चांगली करते," ते म्हणाले. "पण फर्मा कोरणं तिला येत नाही, आणि मला आता जमत नाही. हा गेला की सिस्टरचा पाय गेला. घरात बसेल ती."

सुईबाईनं फर्मा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "गुरुवारपर्यंत तुमचा तुम्हाला परत, अख्खा," ती म्हणाली. "नवा शनिवारी. आजपासून कुणी याच्यावर हातोडी मारू नका." आणि फर्मा टेबलावर ठेवून ती काकांना दारापर्यंत सोडायला गेली. तिथे त्यांचं बोलणं लांबलं.

इथे माझी अक्कल चरायला गेली.

सुईबाईचा एक नियम आहे. वर्षानुवर्षं ती तो आमच्या कानीकपाळी ओरडत आली आहे: वस्तू स्वच्छ हवी. धूळ असेल तर मशीन धूळ मोजतं, ग्रीस असेल तर ग्रीस मोजतं. मी फर्म्याकडे पाहिलं. काळाकुट्ट. अंगभर काहीतरी चिकटलेलं, जुन्या कातड्याच्या चकत्या, गोंद, गंजलेले बारके खिळे. म्हटलं, बाईचं अर्धं काम आपण करून ठेवू. दांडा प्रकरणाची फिट्टंफाट होईल. फर्मा लेथवर नेला, पातळ पातं घेतलं आणि सगळ्या चकत्या खरवडून काढल्या. पोटऱ्यांपर्यंत भुसा आणि कीस होताच, त्यातच त्या पडल्या. पाच मिनिटांत फर्मा छान गुळगुळीत झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुईबाई परत आली. फर्म्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"चकत्या कुठायत?"

"काढल्या. घाण होती नुसती."

तिनं स्टूल ओढलं, बसली. मग म्हणाली, "लेथवाले, तो पाय होता."

मला कळेना. तिनंच समजावलं. काका फर्मा एकदाच कोरतात. पण पाय बदलतो. कुठे गाठ वाढते, कुठे बोट सरकतं. बत्तीस वर्षांत सिस्टर जेव्हा जेव्हा म्हणाली की इथे दुखतंय, तेव्हा तेव्हा काकांनी त्या जागी फर्म्यावर चामड्याची चकती ठोकली, म्हणजे बुटात तिथे तेवढी जागा होईल. आत्ताच दारात त्यांनी तिला हे सांगितलं होतं. लाकूड बत्तीस वर्षांपूर्वीचं. आजचा पाय म्हणजे त्या चकत्या. आणि तो मी खरवडून भुशात टाकला होता.

पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "काकांना काय सांगायचं?"

"खरं सांगायचं. तुम्ही सांगायचं. पण आधी शेड बंद. कुणी झाडायचं नाही, कुणी कचरा उचलायचा नाही. लाकूड आहे, चकत्या याच शेडमध्ये आहेत. हरवलंय काय? फक्त कुठली कुठे, एवढंच." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि त्यानं मला जेवढा धीर आला तेवढा कुणाच्या समजावण्यानं आला नसता.

आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून लेथखालचा सगळा ढीग चाळणीनं चाळला. दुपारपर्यंत अकरा चकत्या मिळाल्या. नखाएवढ्या, रुपयाएवढ्या, एक तर अख्ख्या टाचेएवढी. मला वाटलं, आता यांच्या जागा देवालाच ठाऊक. पण सुईबाईनं फर्मा दिव्याखाली तिरका धरला. जिथे चामडं होतं तिथलं लाकूड फिकट राहिलं होतं. उघडं लाकूड हातांच्या तेलानं काळं पडलं होतं. प्रत्येक फिकट डागात खिळ्यांची भोकं. प्रत्येक चकतीतही भोकं. तिनं भोकाला भोक लावलं. तीन भोकांची चकती तीन भोकांच्या डागावरच बसणार, आणि तीही एकाच बाजूनं. एक टाचणी, दुसरी टाचणी, बसली. दुसरी बसली. टाचणी आत जाताना तिचे ओठ जरा हलायचे, एवढंच. चार वाजेपर्यंत अकराच्या अकरा जागेवर होत्या, पातळ गोंदानं चिकटवलेल्या.

बारावा डाग रिकामा होता. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, दोन भोकं, वाटाण्याच्या शेंगेसारखा लांबट.

मंगळवारी सकाळी पुन्हा सगळं चाळलं. नाहीच. मग मी काकांच्या दुकानात गेलो. वाटेत मी तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली होती. तोंडातून चौथंच आलं. "काका, मी तुमच्या फर्म्याच्या चकत्या काढून टाकल्या. चुकलो. अकरा परत लावल्या, एक मिळत नाही."

काका खुर्चीत बसले. मग विचारलं, "कुठली?"

"करंगळीची."

"ती शेवटची," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. केवढी कापली होती ते आता कसं आठवणार? आणि आता कापायचं म्हटलं तरी..." त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

"बाई म्हणतायत, सिस्टरना घेऊन या. पायातल्या बुटासकट."

सिस्टर बाराच्या सुमाराला आली, ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत. मजबूत बाई, मोठ्ठा आवाज. सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "अहो, बत्तीस वर्षांत माझ्या पायाचा इतक्या जणांनी इतका विचार केलेला मी पहिल्यांदाच बघतेय." मग डावा बूट काढून सुईबाईच्या हातात दिला आणि पाय मोज्यासकट दुसऱ्या स्टुलावर ठेवला.

सुईबाईचं म्हणणं साधं होतं. बूट त्या फर्म्यावरच बनलेला. तेव्हा बुटाच्या आत बाराव्या चकतीचीही जागा आहे. फर्म्यावर चकती नाही, म्हणून फर्मा बुटात घातला की त्या ठिकाणी पोकळी राहणार. पोकळीत मऊ मेण ठेवलं तर मेण दाबलं जाऊन नेमकं पोकळीएवढं होईल. मग चकती मिळाली काय, न मिळाली काय.

पहिल्या खेपेला फर्मा आत सरकताना मेण घासलं गेलं. दुसऱ्या खेपेला तिनं बुटाच्या आत टाल्कम पावडर भुरभुरली, मेणावर पातळ प्लॅस्टिकचा कागद लावला, नाडी पूर्ण काढून बूट उघडा केला. काका खुर्चीतून सूचना देत होते, "सरळ घाला, फिरवू नका. आता टाच बसवा. आता नाडी बांधा." फर्मा बाहेर आला तेव्हा करंगळीपाशी मेणाची गुळगुळीत शेंग तयार होती. सुईबाईनं जाडी मोजायचा व्हर्निअर लावला.

"अडीच मिलिमीटर."

"शक्य नाही," काका म्हणाले. "मी एवढी जाड चकती कधीच लावत नाही."

सुईबाईनं वाद घातला नाही. मेण काढलं, नवं लावलं, पुन्हा सगळं केलं. अडीच. आणखी एकदा. अडीचला केसभर कमी.

मी अस्वस्थ होऊन पाय बदलत उभा होतो, आणि फरशीवर काहीतरी कट्कट् वाजत होतं. सिस्टरचं लक्ष गेलं. जन्मभर वॉर्डात कुणाच्या चालीत काय बिघडलंय हेच बघत आलेली बाई. "तुमच्या बुटाला काय लागलंय?" तिनं विचारलं. मी पाय उचलला. टाच आणि पंजा यांच्यामधल्या खोलगट जागेत, रबरात खिळा रुतवून, वाटाण्याच्या शेंगेसारखी एक चकती बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन दिवस मी ती पायाखाली घेऊन तिलाच शोधत फिरत होतो.

सगळे हसले. सिस्टर तर इतकी, की डोळे पुसायला लागली. मी ती चकती चिमट्यानं काढून सुईबाईला दिली. फरशीला फक्त खिळ्याचं डोकं लागत होतं, चकती खोलगट जागेत होती, त्यामुळे झिजली नव्हती. तिनं पुसली, भोकं डागावर ताडून पाहिली. बरोबर बसली. मग व्हर्निअर लावला.

"दीड," ती म्हणाली.

"बघा!" काका म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? हीच लावा. मेण गेलं चुलीत."

सुईबाईनं चकती एका हातात धरली, मेणाची शेंग दुसऱ्या हातात. "काका, तुम्ही दीडची जागा दिलीत हे खरं. पण बुटात आज अडीचची जागा आहे. चामडं आपोआप नाही ताणलं जात. एक मिलिमीटर कुणीतरी आतून ढकललंय. रोज." एवढं बोलून तिनं सिस्टरकडे पाहिलं.

सिस्टरचं हसणं थांबलं होतं. ती मोजा वर ओढायला लागली. काका उठले, तिच्यासमोर आले आणि म्हणाले, "मोजा काढ."

"अहो, इथे कशाला?"

"काढ गं."

करंगळीच्या बाजूला जुना, कडक, पिवळा घट्टा होता, आणि त्याच्या कडेला लाल. काकांनी वाकून पाहिलं. त्यांचा हात पावलाखाली गेला आणि तिथे तो थरथरला नाही, निदान मला तरी दिसलं नाही.

"किती दिवस चावतोय?"

"होतं थोडं."

"किती दिवस?"

"तुम्ही ती शेवटची चकती लावलीत ना, तेव्हापासून."

"चार वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

सिस्टरनं मोज्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "ती चकती तासताना तुमचा अंगठा केवढा कापला होता, आठवतंय? सात टाके मीच घातले. बोलले असते तर तुम्ही पुन्हा सुरी हातात घेतली असती."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

थोड्या वेळानं सुईबाईनं विचारलं, "काका, मग कुठलं घेऊ? तुमचं की मेणाचं?"

काका म्हणाले, "तिचं घ्या."

त्यानंतर मी जे पाहिलं ते चार हात लांबून. चामडं मऊ असतं, मण्याखाली दबतं, म्हणून तिनं चकत्यांना दोनदा पातळ व्हार्निश पाजून कडक केलं. मेणावरून साचा घेऊन तेवढाच तुकडा प्लास्टरमध्ये ओतला आणि करंगळीपाशी बसवला. टाचेचा तडा दोरीनं हलका बांधला, नुसता धरून ठेवण्यापुरता. फर्म्याच्या माथ्यावर खुंटीसाठी जुनं भोक असतंच. त्याच भोकात पोलादी खुंटी घालून फर्मा एका पाटावर उभा केला आणि पाट मशीनवर चढवला, नवं भोक पाडलं नाही. त्याच पाटावर तीन पोलादी गोळ्या चिकटवल्या. फर्मा चार बाजूंनी मोजायचा तर पाटासकट चारदा फिरवावा लागतो. दर वेळी मणी आधी त्या तीन गोळ्यांना टेकून येतो, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. मग तिनं एका बोटानं फर्म्याला ढकलून पाहिलं. शेजारी लावलेल्या मोजणीच्या डायलचा काटा हलला नाही. मग खडूनं फळ्यावर लिहिलं, "हात लावू नये", आणि खाली माझ्या नावाऐवजी लेथचं चित्र काढलं.

दोन दिवस टक, टक चाललं. गुरुवारी काकांना जुना फर्मा परत मिळाला. शुक्रवारी मशीननं टणक, बिनगाठीच्या लाकडातून नवा कोरला. शनिवारी काका आले, डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. टाच, घोटा, उंचवटा, बोटं. करंगळीपाशी अंगठा थांबला. तिथेच बराच वेळ राहिला.

"इथे मी कमी पडलो होतो," ते म्हणाले.

"आता नाही," सुईबाई म्हणाली.

तीन आठवड्यांनी सिस्टर नवे बूट घालून शेडमध्ये आली. दारापासून माझ्या लेथपर्यंत, लेथपासून सुईबाईच्या मशीनपर्यंत, वॉर्डाची फेरी मारावी तशी चालली. काका दारातच उभे होते, तिच्या पायाकडे बघत.

"चावतोय का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"नाही चावत, म्हटलं ना! आणि चावला तर यापुढे सांगेन. सुरी आता तुमच्या हातात थोडीच आहे?"

काका हसले. मग खिशातून काहीतरी काढून त्यांनी सुईबाईच्या टेबलावर ठेवलं. ती दीड मिलिमीटरची चकती होती. म्हणाले, "तुमच्याकडे राहू दे." तिनं ती फळ्याच्या चौकटीवर, तिच्याच जुन्या खिळ्यानं ठोकली. अजून आहे.

मी जवळून बघायला म्हणून पुढे झालो. सुईबाईनं तोवर पुढचं काम टेबलावर घेतलं होतं, कुणाच्या तरी खुर्चीचा कोरीव पाय, धुळीनं माखलेला. माझी पावलं ऐकून तिनं मानही वर केली नाही.

"लेथवाले," ती म्हणाली, "हात खिशात."